सुधारणा आज की उद्या?

पगारपत्रक करायच्या दिवशीच संगणक ‘अपडेट बसवू का?’ असे विचारतो, आणि महाड-पोलादपूरकडचा कारकून ‘मागाहून’ म्हणतो. त्याला आम्ही आळशी म्हणणार नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले!

पण दुसरी बाजू आपल्याच जिल्ह्यात पाहावयास मिळाली. विंडोजमधले एक भगदाड बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिले होते. अनेकांनी ते बसविलेच नाही. मे महिन्यात त्याच भगदाडातून वॉनाक्राय शिरला. जूनअखेर नॉटपेट्या आला. त्याने इतर वाटांबरोबर हीही वाट वापरली, आणि न्हावा-शेवा बंदरात मर्स्क समूहाच्या ताब्यातल्या धक्क्यावर कंटेनरांचे काम खोळंबले. (गंमत अशी की, त्याचा उगम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका प्रणालीच्या अपडेटमध्येच होता.)

तेव्हा आमचे म्हणणे असे: नव्या सोयींचे अपडेट खुशाल महिनाभर थांबवा. सुरक्षेचे मात्र पगार वाटून होताच, आठवड्याच्या आत, कागदपत्रांची प्रत वेगळी ठेवून बसवा, घरच्या संगणकावरही. आणि कचेरीत त्यासाठी लागणारा तास कारकुनाच्या जेवणाच्या सुट्टीतून कापू नये, तो कामाच्या वेळेत धरला गेला पाहिजे.