पाळकांना सोडलं, प्रभूला नाही

आज गटाच्या हप्त्याचं नाही, जरा वेगळं बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या सहा जणी एकाच मंडळीत जायच्या. तिथले पाळक उपदेश चांगला करायचे, पण हळूहळू आमच्या घरातलंही तेच ठरवू लागले. मुलगी कुठं द्यायची, दवाखान्यात जायचं की नुसती प्रार्थना करायची, गटाच्या मीटिंगला बसायचं की नाही, सगळं त्यांना विचारून. मजुरीतून दशमांश आम्ही आनंदानं देत होतो. मग शेळीसाठी उचललेल्या कर्जातूनही मागितला. कर्ज म्हणजे कमाई नव्हे, ते फेडायचं असतं, असं सांगितलं तर भर उपासनेत शापाची भाषा ऐकावी लागली. भीती बसली. एक मावशी तर गोळ्या बंद करून ताप अंगावर काढत राहिल्या.

बाहेर पडलं की देवही सुटेल, हीच ती भीती. अशा वेळी आम्हाला पंडिता रमाबाईंची गोष्ट फार उपयोगी पडली. केडगावचं मुक्ती मिशन आपल्याला माहीत आहे. पण त्याआधीचं कमी सांगितलं जातं. 1883 मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांची माया होती, पण अपेक्षा अशी की रमाबाईंनी वरिष्ठांचं निमूट ऐकावं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. रमाबाई म्हणाल्या, आमच्या बायकांना लॅटिन कळत नाही, संस्कृत का नको? त्यांनी पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर ती हिंदुस्थानातल्या बिशपांना पसंत पडली नाही. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं, की भटजींच्या जोखडातून सुटून दुसऱ्या जोखडात मान द्यायला मी आलेली नाही. बघा, एकटी विधवा बाई, कडेवर लहान लेक, परका देश, आणि ही हिंमत! प्रभूवरचा विश्वास मात्र त्यांनी सोडला नाही. उलट बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, भारतात परत आल्यावर, आपल्याला खरा ख्रिस्त आता भेटला असं त्यांना वाटलं, आणि मनाला मोठा आनंद झाला. पुढे साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं. ते छापायचं कामही केडगावच्या बायकांनीच केलं.

मग आम्हीही स्वतः वाचायचं ठरवलं. बुधवारी दुपारी, एकीच्या ओसरीवर. सातवी शिकलेली वाचते, बाकीच्या थांबवून विचारतात. गलतीकरांस पत्र वाचलं, त्यात पाचव्या अध्यायात मोकळेपणाचीच गोष्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला नवऱ्याच्या बरोबरीनं अपुल्लोसला शिकवते, तो तर मोठा शिकलेला. हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. कधी तोंड न उघडणारी एक सून एके दिवशी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करू लागली, आणि ती कशासाठी, तर गाभण शेळीसाठी! आम्ही हसलो, तीही हसली. देवासमोर असं मोकळं हसता येतं, हे नवीनच होतं. आता ढोलकीवर भजनं होतात. मावशी गोळी घेतात, प्रार्थनाही करतात.

एक कामाची गोष्ट. तुमची मंडळी नोंदणीकृत ट्रस्ट असेल, तर तिला जमाखर्च ठेवावा लागतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचे नियम पाळावे लागतात. वर्गणीची पावती मागण्यात कसला अविश्वास? आपण गटात मागतोच ना. आणि पासबुक, आधार कार्ड कुणाकडेही ठेवायला देऊ नका, मग ते पाळक असोत की सावकार. सगळेच पाळक असे नसतात बरं. शेजारच्या गावचे पाळक हिशेब फळ्यावर लिहितात.

चौघी आता तिकडे जातात. दोघी अजून जुन्याच मंडळीत आहेत, आम्ही त्यांना ओढलं नाही. बुधवारी त्याही ओसरीवर येतात, येताना शेंगदाणे घेऊन.