इंग्रजी वाक्यातील कर्ता



इंग्रजी शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न केव्हा ना केव्हा सोडविलेला असतो. कर्ता उचलून वाक्याच्या शेवटी न्यावयाचा, त्याच्या आधी ‘बाय’ ठेवावयाचे, क्रियापदाला ‘वॉज’ जोडावयाचे, की गुण पदरात पडले. वाक्य कसे फिरवावे हे या प्रश्नाने आपल्याला चांगले शिकविले. ते का फिरवावे, हे मात्र सांगावयाचे राहून गेले.

गोंधळाचे मूळ थोडे आपल्या व्याकरणातही आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ आला. शाळेत आपण जे कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग शिकतो, ते याच परंपरेतून. आपला ‘प्रयोग’ पाहतो तो एवढेच, की क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’. येथे क्रियापद आंब्याच्या आणि पोळीच्या मागे जाते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. पण गोष्ट चालली आहे ती रामाचीच. इंग्रजीत याचे सरळ रूप ‘राम एट अ मँगो’ असे, म्हणजे त्यांच्या हिशेबी कर्तरी. ‘कर्मणी’ आणि ‘पॅसिव्ह’ हे दोन शब्द एकच समजणारा विद्यार्थी मात्र ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ असे लिहून मोकळा होतो. व्याकरणाने वाक्य निर्दोष असते. परंतु रामाने काय केले हे सांगताना कोणी इंग्रज असे बोलणार नाही.

आम्हां इंदूरकरांची अडचण आणखी एक आहे. घरात मराठी आणि बाजारात हिंदी. आणि हिंदीतही ‘राम ने रोटी खाई’ म्हणताना क्रियापद रोटीप्रमाणेच चालते. संस्कृतातील ‘रामेण खादितम्’ या घडणीचा वारसा दोघींनी सांभाळला आहे. जुन्या मराठीत तर कर्मणीचे स्वतंत्र रूपच होते. आपण दिवसातून शंभरदा उच्चारतो ते ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’ हे शब्द त्याचेच अवशेष होत. ‘रामाकडून रावण मारला गेला’ ही तऱ्हा मात्र इंग्रजीच्या वळणावरची. आपली व्याकरणे तिला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. आता तिच्यात हिंदीतील ‘द्वारा’ची भर पडून ‘समितीद्वारा निर्णय घेण्यात आला’ अशी मराठी आपल्या निमंत्रणपत्रिकांतूनही दिसू लागली आहे. समितीने निर्णय घेतला, असे म्हणावयास काय हरकत असावी, कोण जाणे.

तर मग इंग्रजीत कर्मणी वापरावा केव्हा? सुट्या वाक्याकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. परिच्छेद पाहावा लागतो. समजा, विद्यार्थी अहिल्याबाईंवर निबंध लिहीत आहे. बाईंनी १७८० साली काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, हे त्यात ‘शी रीबिल्ट द टेंपल’ असेच आले पाहिजे, कारण वाचकाची दृष्टी बाईंवर आहे. तोच विद्यार्थी काशीवर लिहीत असेल, तर मंदिराचा इतिहास सांगत येऊन ‘इट वॉज रीबिल्ट बाय अहिल्याबाई’ म्हणणे योग्य. तेथे कर्मणीवाचून दृष्टी उगाच इकडून तिकडे उडी घेते. आणि १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर मारले गेले, तेथे ‘वॉज किल्ड’ एवढेच पुरे. तोफ डागणारा गोलंदाज कोण होता, याच्याशी त्या कथेला कर्तव्य नाही.

जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, कर्तरी चालत असेल तेथे कर्मणी कधीही वापरू नये, असा दंडक घालून दिला. त्याच निबंधात त्याने स्वतः कर्मणी वाक्ये सढळ हाताने वापरली आहेत, हे त्याच्या टीकाकारांनी नंतर दाखवून दिले. मला तो दंडक फार कडक वाटतो. उलट, शास्त्रीय लेखनात ‘मी’ किंवा ‘आम्ही’ येताच कामा नये, ही आपल्या महाविद्यालयांतील समजूतही तितकीच निराधार आहे. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३ चा निबंध ‘आम्ही’ या शब्दानेच सुरू होतो.

परंतु ऑर्वेलची तक्रार होती ती कर्ता दडविण्याच्या वृत्तीविषयी, आणि ती खरी आहे. ‘इट हॅज बीन डिसाइडेड’, ‘युवर ॲप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड’ अशी पत्रे निवृत्त मनुष्याच्या हाती पडतात. कोणी ठरविले? कोणी नाकारले? ज्याला दाद मागावयाची आहे, त्याला नेमका तोच शब्द हवा असतो आणि तोच गाळलेला असतो. सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक १९४८ साली लिहिले, ते अशाच कारकुनी इंग्रजीला कंटाळून.

कर्ता दडविण्यासाठी कर्मणीच लागतो असेही नाही. १९८४ च्या दंगलीत आपल्या राजवाड्याची जी गत झाली, ती सांगताना ‘राजवाडा जळाला’ असे आपण सहज म्हणतो. ‘जाळला’ म्हटले की लगेच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. एका काना-मात्रेचा हा फरक! इंग्रजीत ‘बर्न्ड’ हे एकच रूप दोन्ही कामे करते. म्हणूनच तेथे ‘वॉज बर्न्ड’ हा कर्मणी उलट अधिक प्रामाणिक ठरतो; कोणीतरी हे केले, एवढे तरी तो कबूल करतो.

आणि कधी कधी कर्ता गाळणे ही सभ्यताही असते. भाडेकरूला ‘यू हॅव नॉट पेड द रेंट’ असे लिहिणे म्हणजे अंगावर धावून जाणे. ‘द रेंट हॅज नॉट बीन पेड’ यात सूचना पोचते आणि संबंधही टिकतो. मराठीत आपण ‘भाडे अजून आले नाही’ असे म्हणतो, जणू ते स्वतःच्या पायांनी जिना चढून येणार होते!