किण्वपेशीची काटकसर
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील भाषण)



पाव फुगविणारे किण्व, म्हणजेच यीस्ट, हा एका पेशीचा जीव. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या पेशीत सुमारे 2 लाख रायबोसोम असतात. रायबोसोम म्हणजे प्रथिने घडविणारा कारखाना. जनुकाचा आदेश आरएनएच्या फितीवरून त्याच्याकडे येतो आणि त्या आदेशानुसार अमिनो आम्ले एकामागून एक गुंफली जातात.

ही फीत एकटी प्रवास करीत नाही. आरएनएला बिलगणारी अनेक प्रथिने तिच्यासोबत असतात. ‘पॅब 1’ हे प्रथिन तिचे शेपूट धरून वाचनास साहाय्य करते. ‘पफ 3’ हे तंतुकणिकांसाठी लागणाऱ्या प्रथिनांचे आदेश अचूक हेरते.

जोमाने वाढणारी किण्वपेशी दर मिनिटास सुमारे 2,000 नवे रायबोसोम उभारते. हा खर्च फार मोठा. मग साखर संपली तर? काही मिनिटांतच प्रथिनांचे उत्पादन मंदावते. परंतु पेशी आपले सर्वच कारखाने मोडून टाकीत नाही. दुष्काळात शहाणा शेतकरी औत मोडून चुलीत घालीत नाही, ते वळचणीला जपून ठेवतो. तसेच हे आहे.

या राखणीचा उलगडा 2011 साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे झाला. साखरेविना ठेवलेल्या किण्वाच्या रायबोसोमची रचना संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उकलली, तेव्हा ‘एसटीएम 1’ हे प्रथिन आदेशाच्या वाटेतच आडवे बसलेले आढळले. रायबोसोमचे दोन्ही भाग त्याने एकत्र जखडून ठेवले होते. हे प्रथिन नसलेल्या पेशी उपासमारीनंतर अन्न मिळूनही नीट सावरत नाहीत, असे पुढील प्रयोगांत दिसून आले. मानवी रायबोसोमवरही याच्याशी नाते सांगणारे प्रथिन 2013 साली आढळले.

हे ज्ञान केवळ कुतूहलापुरते नाही. यकृतदाहाच्या ‘ब’ प्रकारावरील जी लस 1986 मध्ये अमेरिकेत मान्य झाली, तिचे प्रथिन किण्वाच्या रायबोसोमनीच घडविले होते. आज असंख्य बालके अशा लसीने सुरक्षित आहेत.

शाळेत कोमट साखरपाण्यात सुके यीस्ट टाकून पाहावे. थोड्याच वेळात फेस येतो. तो फेस दाखविताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढे अवश्य सांगावे, की टंचाईत साधने जपणाऱ्यालाच सुकाळाचा लाभ त्वरित घेता येतो.