मुधोळची शाळा आणि बासरचे विद्यापीठ
(देवस्थानच्या वार्षिक उत्सवात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



विद्येचा विषय निघाला म्हणजे वसंत पंचमी आणि गोदावरीकाठचे बासर क्षेत्र यांचे स्मरण सहजच होते. निझामाबादहून मनमाडच्या दिशेने निघालेली आगगाडी गोदावरीचा पूल ओलांडते आणि बासर स्थानकात येते. तेथून पुढे गेले की थोड्याच वेळात महाराष्ट्रातील धर्माबाद लागते. व्यासांनी नदीपात्रातून मूठमूठ वाळू आणून तेथे शारदेची मूर्ती सिद्ध केली, अशी आख्यायिका आहे. आजही मराठी, तेलुगू आणि कानडी मुलखांतील आईबाप आपल्या लेकरास मांडीवर घेऊन त्या देवळात बसतात, आणि पुरोहित त्याचे बोट धरून पहिले अक्षर गिरवून घेतो. परंतु अक्षराभ्यासाचा हा सोहळा आटोपून मूल घरी परतल्यावर त्याच्या पाटीचे पुढे काय होते, हा प्रश्न त्याच परिसरातील शाळांना विचारावा लागतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे.

हा परिसर मुधोळचा. मुधोळ म्हटले की आपल्याकडे घोरपड्यांचे संस्थान आणि तेथील शिकारी कुत्री आठवतात. पण ते मुधोळ कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. येथे अभिप्रेत असलेले मुधोळ आदिलाबाद जिल्ह्यातील. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणाने जिल्ह्यांची पुनर्रचना केली, तेव्हापासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. परंतु जुन्या माणसांच्या तोंडून ‘आदिलाबाद’ हे नाव अद्याप सुटलेले नाही. कापसाच्या व्यापाराने गजबजलेले भैंसा हे गाव शेजारीच आहे. बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच वाक्यात ऐकू याव्यात, असा हा मुलूख.

या मुलखाचा इतिहास समजल्यावाचून तेथील शाळेचा निकाल समजावयाचा नाही. निझामाच्या राज्यात मुधोळ हा नांदेड जिल्ह्यातील तालुका होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण एका देशी भाषेतून देण्याचा मान त्यास मिळाला. ही गोष्ट थोरच. परंतु ती देशी भाषा मुधोळच्या कुणब्याच्या घरातील नव्हती. मराठी मुलास शिकावयाचे तर हैदराबादच्या विवेकवर्धिनीसारख्या, लोकांनी वर्गणी काढून चालविलेल्या शाळांचा आधार, आणि त्या शाळा दूर. १९५१ च्या जनगणनेत संपूर्ण हैदराबाद राज्यात दर शंभर माणसांत दहासुद्धा साक्षर निघाले नाहीत, यावरून काय ते ओळखावे.

पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नांदेड जिल्हा मुंबई राज्यास मिळाला. परंतु मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन मंडले त्यातून वगळून आदिलाबादला जोडण्यात आली. म्हणजे एका तालुक्याची कागदावर दोन शकले झाली, आणि सोयरीक नांदेडकडे व कचेरी हैदराबादकडे अशी स्थिती हजारो घरांची झाली. शाळेतील मुलाच्या वाट्यास मात्र उर्दूच्या जागी तेलुगू आली.

तेलंगणा शासनाने मराठी माध्यम बंद केलेले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. दहावीची परीक्षा तेथे आजही मराठीतून देता येते आणि शासन मराठीतून पाठ्यपुस्तके छापते. २०१८ च्या कायद्याने पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने तेलुगू हा विषय सर्व शाळांत अनिवार्य केला. त्यानंतर २०२२-२३ या वर्षापासून शासकीय शाळांत इंग्रजी माध्यम आणण्यात आले. शेतमजुराच्या मुलाससुद्धा इंग्रजी मिळावे हा हेतू उघडच चांगला. परंतु घरी मराठी, गल्लीत तेलुगू आणि फळ्यावर इंग्रजी, अशा तीन नावांत एकाच वेळी पाय ठेवणाऱ्या मुलास गणितातील शाब्दिक उदाहरण समजले नाही तर ते गणितात कच्चे की भाषेत, याचा निवाडा कोणती गुणपत्रिका करणार?

आता निकालांकडे वळू. ज्या आदिलाबाद जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत सुमारे ६१ टक्के होती, म्हणजे देशाच्या सरासरीहून बारा टक्क्यांनी कमी, त्याच जिल्ह्यातून कोरून काढलेला निर्मल जिल्हा दहावीच्या परीक्षेत २०२३ साली ९९ टक्के निकालासह राज्यात पहिला आला. २०२४ साली ९९.०५ टक्के, पुन्हा पहिला. त्या वर्षी राज्याचा निकाल ९१.३१ टक्के होता, आणि राजधानीच्या उंबरठ्यावरचा विकाराबाद जिल्हा ६५ टक्क्यांवर, सर्वांत शेवटी. राजधानीजवळ राहिल्याने विद्या आपोआप येत नाही, हे यावरून दिसते. शिक्षकांनी पहाटे व सायंकाळी जादा वर्ग घ्यावेत, कच्च्या मुलांना वेगळे काढून त्यांच्याकडून पाठ करून घ्यावे, असे कष्ट केल्यावाचून असे आकडे येत नाहीत. त्या शिक्षकांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच.

तथापि उत्तीर्ण होण्याची रेघ ३५ गुणांची आहे आणि शंभरांतील २० गुण शाळेच्याच हाती असतात, हेही विसरता येत नाही. शिवाय अनेक वर्षे तेथे गुणांऐवजी श्रेणी दिली जात असे. ९१ गुण मिळविणारा आणि १०० गुण मिळविणारा, दोघांनाही दहापैकी दहाच अंक. लाजऱ्याबुजऱ्या मुलास त्यात दिलासा होता. पण पुढील प्रवेशाच्या वेळी हजारो मुले एकाच पायरीवर उभी राहत आणि निवड करणाऱ्याची पंचाईत होई. २०२५ च्या परीक्षेपासून गुणपत्रिकेवर पुन्हा गुण छापले जाऊ लागले आहेत.

हा पुढील प्रवेश म्हणजेच बासरचे विद्यापीठ. देवळापासून जवळच २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे केंद्र उघडले. लोक त्यास ‘ट्रिपल आयटी’ म्हणतात. आंध्रात नुझविद आणि इडुपुलपाया येथे त्याची भावंडे. २०१४ साली राज्य विभागले तेव्हा बासर तेलंगणाकडे राहिले. विद्यापीठाचे पहिले कुलपती राज रेड्डी. चित्तूर जिल्ह्यातील काटूर या खेड्यात १९३७ साली जन्मलेला हा मनुष्य गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून अमेरिकेत पोहोचला आणि १९९४ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार त्यास मिळाला. खेड्यातील हुशार मूल दहावीनंतर शहरातील महागड्या शिकवणीवर्गांच्या दाराशी अडते. तेव्हा त्यास दहावी होताच उचलावे आणि सहा वर्षे एकाच ठिकाणी ठेवून अभियंता करून सोडावे, अशी ही योजना. पहिली दोन वर्षे अकरावी-बारावीच्या तोडीची, गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन पक्के करणारी. पुढील चार वर्षे स्थापत्य, यंत्र, विद्युत, धातू, रसायन, संगणक आदी शाखांची. राहणे तेथेच, जेवण तेथेच.

यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे चार दशांश. शासकीय, जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या अनिवासी शाळेतून पहिल्याच प्रयत्नात दहावी झालेल्या विद्यार्थ्याच्या श्रेणी-अंकात ०.४ मिळविण्याचा नियम करण्यात आला. म्हणजे मुधोळच्या सरकारी शाळेत ९.६ मिळविणारी मुलगी आणि शहरातील खासगी शाळेत १० मिळविणारा मुलगा एका रांगेत आले. बरोबरी झाली तर आधी गणिताची श्रेणी पाहावयाची, मग शास्त्राची. ज्याच्या घरी अभ्यासाची खोली नाही, ज्याची आई कापूस वेचावयास जाते, त्याच्या ९.६ ची किंमत नुसत्या ९.६ हून अधिक आहे, हे एका सरकारी नियमाने अंकगणितात लिहून ठेवले. यास कोणी दया म्हणेल. वस्तुतः हे अधिक अचूक मोजमाप आहे. त्याचा परिणाम असा झाला की, प्रवेशयादीत सरकारी शाळांतील मुलांचे प्राबल्य राहिले, आणि त्यांतही मुलांपेक्षा मुली अधिक दिसू लागल्या. ज्या घरात मुलीस दहावीनंतर परगावी पाठविण्याचे कोणी मनात आणले नसते, तेथून मुली अभियंत्या होऊन बाहेर पडल्या. २०२१ साली महामारीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, त्या वर्षी तंत्रनिकेतनाच्या प्रवेशपरीक्षेवरून निवड करावी लागली, एवढाच काय तो अपवाद.

एवढे उत्तम बीज पेरल्यावर निगराणीही तशीच हवी होती. ती झाली नाही. अनेक वर्षे विद्यापीठास पूर्णवेळ कुलगुरू नव्हता, प्रभारी नेमणुकांवर गाडा चालला. शिक्षकांची वाण, वसतिगृहांची पडझड, भोजनाविषयी तक्रारी. अखेर जून २०२२ मध्ये हजारो विद्यार्थी वर्ग सोडून मुख्य प्रवेशद्वारापाशी येऊन बसले. ऊन झाले, पाऊस आला, छत्र्या उघडून मुले-मुली बसून राहिली. पूर्णवेळ कुलगुरू, पुरेसे शिक्षक, लॅपटॉप, गणवेश, नीट अन्न, अशा त्यांच्या बारा मागण्या होत्या. एकही दगड उचलला गेला नाही. सात दिवसांनी राज्याच्या शिक्षणमंत्री सबिता इंद्रा रेड्डी रात्री विद्यापीठात आल्या, बोलणी झाली आणि मुले वर्गात परतली. पुरता महिनाही लोटला नव्हता तोच जुलैत भोजनगृहातील अन्नातून शेकडो विद्यार्थ्यांना विषबाधा झाली. २०२३ मध्ये तेथील काही विद्यार्थ्यांच्या अकाली मृत्यूच्या वार्ता आल्या, तेव्हा अनेक आईबापांच्या पोटात गोळा उठला.

या मुलांनी मागितले काय? शिक्षक आणि जेवण. सोळा-सतरा वर्षांच्या, खेड्यातून प्रथमच बाहेर पडलेल्या मुलास बारावीचे गणित इंग्रजीतून शिकावयाचे असते. शाळेत पहिला येणारा तेथे आल्यावर पाहतो की वर्गातील सगळेच पहिले आलेले आहेत. त्या पहिल्या सहामाहीत त्याच्या पाठीवर हात ठेवणारा कोणी वडीलधारा हवा असतो. निकालाचे आकडे मोजणारे शासन तो हात मोजावयास विसरले. शाळांचीही गोष्ट निराळी नाही. तेलंगणात २०१७ नंतर शिक्षकांची मोठी भरती झाली ती थेट २०२४ साली, ११,०६२ जागांची. मधल्या सात वर्षांत सहावीत बसलेले मूल दहावी होऊन निघूनही गेले.

गोमंतकातील महाजन कुटुंबांस हे सर्व परके वाटू नये. १८५४ साली पणजीस लिसेव स्थापन झाले आणि शतकाहून अधिक काळ गोव्यातील सरकारी उच्च शिक्षणाचा दरवाजा तोच राहिला. वीसपैकी दहा गुण मिळाले की उत्तीर्ण, असा तेथील हिशेब. शिस्त कडक आणि भाषांचा पाया भक्कम, हे गुण निर्विवाद. परंतु फोंडा, डिचोली, सत्तरीकडील मुलास आधी पोर्तुगेज प्रिमेर ग्राव, मग पणजीत राहण्या-जेवण्याची सोय, आणि तोवर घरचे मराठी गुपचूप ओटीवर, भटजींच्या किंवा शेणवी मास्तरांच्या पुढ्यात. किती बुद्धिमान मुले प्रिमेर ग्रावपाशीच थांबली, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. लिसेवाच्या दप्तरात फक्त पोहोचलेल्यांची नावे आहेत. १९०८ साली पणजीस मुष्टिफंड संस्था निघाली. घरोघरच्या गृहिणींनी रोज बाजूस काढलेल्या मूठभर तांदळावर तिची उभारणी झाली. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात खेडोपाडी शाळा निघाल्या, तेव्हा कोठे तो दरवाजा रुंद झाला.

म्हणूनच देवस्थानांच्या विद्यार्थी-साहाय्याविषयी एक गोष्ट महाजनांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते. उत्सवाच्या सभेत गुणवंतांचा सत्कार होतो. नव्वद टक्क्यांच्या वरचे विद्यार्थी व्यासपीठावर येतात, नारळ आणि पाकीट घेऊन खाली उतरतात. ही प्रथा चांगली आहे, ती मोडण्याचे कारण नाही. परंतु त्या यादीतील बहुतेकांच्या घरी शिकवणीची फी भरण्याची ऐपत असते, आणि ज्याचे ७८ टक्के आहेत व ज्याचे वडील देवळाबाहेर फुले विकतात, त्याचा अर्ज टक्केवारीच्या पहिल्याच चाळणीत गळतो. बासरच्या नियमकर्त्यांनी चार दशांशांची युक्ती काढली. देवस्थानच्या समितीस त्याहून सोपे आहे, कारण येथे कुटुंबे परस्परांस ओळखतात. अर्जाच्या नमुन्यात टक्केवारीच्या रकान्याशेजारी आणखी दोन-तीन रकाने घालता येतील: शाळा सरकारी की खासगी, शिकवणी लावली होती काय, घरात शिकणारी ही पहिलीच पिढी काय, आणि माध्यम बदलले असल्यास कोणत्या इयत्तेत. पैसे एकदम हातावर न ठेवता अकरावीच्या पहिल्या सहामाहीत दरमहा द्यावेत, आणि ते नेऊन देण्याचे काम समितीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे सोपवावे, म्हणजे महिन्यातून एकदा तरी त्या मुलाच्या घरी कोणी जाईल आणि वही उघडून पाहील. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी अर्जाचा नवा नमुना तयार झाला, तर पुढील जूनचे प्रवेश सुरू होताना तो उपयोगी पडेल.