ऑलिव्ह लावावे की भिरंड?

(गणेशोत्सवात केलेले भाषण)



अलीकडे आपल्या स्वयंपाकघरांत ऑलिव्ह तेलाची बाटली आली आहे. तिची किंमत पाहून गोव्यात, बेळगावात नोकरीला असलेली मुले सुट्टीत विचारतात, "आपली जागा पडीकच आहे, तिथे ऑलिव्ह का लावू नये?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पडीक जागेत काही उभे राहिले नाही, तर ती विकायची बोलणी सुरू होतात. म्हणून आज याच विषयावर बोलायचे आम्ही ठरवले.

ऑलिव्ह म्हणजे जैतून. झाड मोठे काटक, शेकडो वर्षे जगणारे, थोड्या पाण्यावर निभावणारे. तेल तब्येतीला चांगले, यात वाद नाही. पण फळ इतके कडू, की मिठाच्या पाण्यात मुरवल्याशिवाय तोंडात धरवत नाही. एक वर्ष भरघोस, दुसरे वर्ष बेताचे, ही त्याची खोड. फुलायला त्याला हिवाळ्यात चांगला गारठा आणि पुढे कोरडा उन्हाळा लागतो. राजस्थानात २००८ च्या सुमारास इस्रायलची रोपे लावली, बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसरला तेल काढण्याचा कारखानाही निघाला. तिथली हवा कोरडी, हिवाळ्यातल्या रात्री थंड. आपल्याकडे चार महिने मुळाशी पाणी. झाड कदाचित जगेल, फळाची आशा धरू नये.

ऑलिव्हचा भाऊबंद आपल्या रानात आहे, तो म्हणजे पारजांब. कूळ तेच, पण फळ बारीक, पाखरांच्या कामाचे.

तेलाचे आपले झाड म्हणजे भिरंड, कोकम म्हणा हवे तर. सालीची आमसुले, रसाचे आगळ, बियांचे मुठेल. टाचा फुटल्या की आजही घरोघरी मुठेलाचा गोळा शोधतात. युरोपात चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर जी सहा वनस्पतींची तेले-चरबी चालतात, त्यांत हे एक आहे. हे तेल घट्ट असते, त्यामुळे ऑलिव्ह तेलाचे गुण त्यात शोधू नयेत.

आता दोष, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बी लावून उगवलेल्या झाडांत जवळजवळ निम्मी नर निघतात. फूल येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, नर कुठले आणि मादी कुठली ते कळत नाही. सात वर्षे राखलेल्या झाडाला फळच धरणार नाही म्हटल्यावर माणूस कुऱ्हाड घेतो. ज्यांची घरेदारे सुपा धरणाच्या पाण्याखाली गेली आणि जे रामनगरला येऊन पुन्हा मांडणी करत बसले, त्यांना झाडासाठी सात वर्षे थांब म्हणणे सोपे नव्हते.

दुसरा दोष पावसाचा. भिरंडे पिकतात एप्रिल-मेमध्ये, शेवटची जूनला टेकतात. साली उन्हात वाळत टाकाव्यात, रस लावून पुन्हा वाळवाव्यात, आणि मधेच वळीव! बुरशी धरली की सगळे फुकट. मुठेलालाही बिया वाळवा, फोडा, कुटा, पाण्यात उकळा, वर आलेली चरबी काढा. एवढ्या कष्टाने हाती येते ते थोडेच, आणि हे काम आजवर बायकांनीच केले. नव्या सुनांनी ते करावे असे आम्ही म्हणणार नाही. त्यासाठी चार घरांनी मिळून यंत्र घ्यावे.

नर-मादीच्या दोषावर मात्र उपाय आहे. फळ देणाऱ्या मादी झाडाची काडी घेऊन बांधलेले कलम लावावे. ते लवकर धरते आणि मादीच निघते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस अशा जाती दिल्या आहेत. आपल्या रानातल्या चांगल्या झाडाचीही काडी चालेल. कलम घेताना काडी सरळ वाढणाऱ्या फांदीची आहे का, ते विचारा. आडव्या फांदीचे कलम जमिनीलगत झुडपासारखे पसरते. आणि सगळे नर तोडू नका, दहा माद्यांमागे एक तरी राहू द्या.

खड्डे मे महिन्यातच खणून ठेवा, कलमे जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात सावली आणि पाणी, आणि गुरांपासून कुंपण.