मारलवाईची पाटी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी या शाळेत पाटी घेऊन बसलो होतो. त्यामुळे आज उभे राहून बोलताना थोडा संकोच वाटतो. ‘उलथापालथीच्या काळात माणसाची आणि त्याच्या व्यवसायाची वाढ’ असा विषय संयोजकांनी सुचवला. अशा विषयावर बोलताना वक्ते बहुधा दूरच्या थोरांची उदाहरणे देतात. मला मात्र आपल्या जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्याची गरज वाटली नाही. म्हणजे जुन्या आदिलाबाद जिल्ह्याबाहेर, कारण २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले आणि मी ज्या गावाविषयी बोलणार आहे ते मारलवाई आता कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा तिशीतला मानववंशशास्त्रज्ञ हिंदुस्थानात होता. जन्म व्हिएन्नाचा. पण ऑस्ट्रिया आदल्याच वर्षी जर्मनीने गिळंकृत केलेला, त्यामुळे तो कागदोपत्री जर्मन प्रजाजन, म्हणजेच शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला. ईशान्येकडील नागा प्रदेशात त्याचे आधीचे काम झाले होते. आता त्याला निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहणे भाग पडले. ही एक प्रकारची स्थानबद्धताच होती. त्या मर्यादेत त्याने चेंचू, कोंडा रेड्डी आणि पुढे आपल्याकडील राजगोंड यांच्यात राहून अभ्यास केला. पत्नी बेट्टी त्याच्यासोबत होती. १९४८ साली त्याचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ निघाला.

ही कथा येथेच थांबवली तर संकटातून संधी कशी शोधावी याचा सुबक दाखला होईल. पण मला ते प्रामाणिक वाटत नाही. हायमेनडॉर्फ आदिलाबादेस आला तो का आला? जंगले राखीव झाली होती, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींवरून गोंड-कोलाम हुसकावले जात होते, जंगल खात्याच्या शिपायांचा जाच असह्य झाला होता. त्याविरुद्ध उठलेला कोमरम भीम १९४० साली जोडेघाटावर पोलिसांच्या गोळीने पडला. त्यानंतर सरकारला जाग आली आणि या लोकांचे दुखणे काय आहे हे समजून घेण्यासाठी अभ्यासकाची गरज भासली. एका विद्वानाच्या वाढीमागे दुसऱ्या कुणाचे रक्त सांडलेले होते. हायमेनडॉर्फच्या बाजूने इतके निश्चित सांगता येते की त्याने हे ऋण ओळखले. नुसता ग्रंथ लिहून तो निघून गेला नाही. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून तो दरबारी झगडला आणि १९४३ साली मारलवाईस गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले.

मित्रहो, शिक्षक म्हणून माझे मन सर्वाधिक रमते ते या केंद्रापाशी. शिकवण्यासाठी शिकलेला गोंड आणायचा कोठून? शोध घेता थोडीफार मराठी अक्षरओळख असलेले मोजके तरुण सापडले. त्यांच्यापासून आरंभ झाला. राज्यकारभाराची भाषा उर्दू, घरची भाषा गोंडी, आणि गोंडीची प्राथमिक वाचने छापली गेली देवनागरीत! तेलुगूच्या कुळातली ही भाषा आपल्या बाळबोध अक्षरांत पाटीवर उतरली. कालपर्यंत सरकारी माणूस दिसताच रानात पळणारी मुले वर्गात बसली, आणि त्यांच्यासमोर फळ्याशी उभा राहिलेला माणूस त्यांच्याच जातीजमातीचा होता.

याच कामात सेतुमाधवराव पगडी होते. निलंग्याला १९१० साली जन्मलेले, हैदराबादच्या मुलकी सेवेतील अधिकारी. फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणणारे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, १९९२ साली त्यांना पद्मभूषणही मिळाले. परंतु या अधिकाऱ्याने गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणे लिहिली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. बदलीवर आलेला अधिकारी सहसा मुन्शी पाठवून काम भागवतो. पगडींनी कोलामांच्या तोंडून क्रियापदांची रूपे टिपून घेतली. बाहेर संस्थान डळमळत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामी राजवट संपली. कोलामीचे व्याकरण १९५० साली प्रसिद्ध झाले. राज्यप्रांतरचनेनंतर पगडी मुंबईस गेले आणि महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे काम त्यांनी सांभाळले.

ते जाऊ शकले. मारलवाईचे शिक्षक कोठे जाणार? १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आपल्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. गोंडी वाचने मागे पडली, तेलुगू आली. ज्यांनी मोठ्या कष्टाने देवनागरी गिरवली होती, त्या गोंड गुरुजींना नव्या लिपीचा श्रीगणेशा करावा लागला. काही शिकले, टिकले. काहींच्या हातून खडू गळाला. एका पिढीत दोनदा निरक्षर व्हावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने त्याने करावी. उलथापालथ माणसाला घडवते असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे तो येथेच. ज्याच्या गाठीशी दुसरी भाषा, दुसरे गाव, ओळखीचा एखादा अधिकारी असतो, त्याला ती घडवते. ज्याच्याजवळ यातले काहीच नसते, त्याला कुणीतरी हात द्यावा लागतो.

बेट्टी हायमेनडॉर्फ १९८७ साली हैदराबादेत वारल्या. त्यांचे दफन मारलवाईस झाले. पुढे पतीच्या अस्थीही तेथेच आल्या. गोंड मंडळी आजही त्या समाधीपाशी जमतात.

आता गुरुजींविषयी. प्रांतरचना झाली तेव्हा ते मराठीचे शिक्षक होते. तेलुगू बोलता येत होती ती बाजारापुरती. नोकरी टिकवायची तर परीक्षा द्यावी लागणार होती. पस्तिशी उलटलेला हा माणूस दुपारच्या सुट्टीत पहिलीच्या वर्गात मागच्या पट्टीवर बसू लागला. आपल्या मराठीत ‘ए’ एकच आणि ‘ओ’ एकच. तेलुगूत दोन्हींचे ऱ्हस्व-दीर्घ निराळे, आणि तेथेच गुरुजींची जीभ अडखळे. वर्गातली एक लहानगी मागे वळून त्यांची पाटी पाही, ओल्या बोटाने चुकलेले अक्षर पुसून टाकी आणि पाटी पुन्हा त्यांच्या हाती देई. गुरुजी मुकाट्याने ते अक्षर परत काढत.