उलट्या नावाचं माप

शब्द उलटा वाचण्याचा खेळ आपल्याला नवा नाही. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य शाळेत असताना सगळ्यांनीच दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलेलं असतं. सोळाव्या शतकातल्या सूर्यकवीनं तर संस्कृतात असं काव्य रचलं, की सरळ वाचलं तर रामकथा आणि उलट वाचलं तर कृष्णकथा. श्रोतेहो, हाच खेळ विज्ञानातही एकदा खेळला गेला आणि त्यातून विजेच्या एका मापाला नाव मिळालं. ते नाव ‘म्हो’.

तार विजेला जो अडथळा करते, त्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतल्या एका कुलूप कारागिराचा मुलगा. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यानं विजेचे प्रयोग केले आणि १८२७ मध्ये आपला नियम पुस्तकात मांडला. मायदेशात त्याचं स्वागत थंडच झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिलं. १८५४ मध्ये तो वारला आणि १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेनं रोधाच्या एककाला त्याचं नाव दिलं.

पण अडथळा मोजला, तशी वाटही मोजायला हवी. दोन तारा शेजारी शेजारी जोडल्या, की विजेला दोन वाटा मिळतात. तिथं अडथळ्यांची साधी बेरीज चालत नाही, वाटांची चालते. दोन ओहमची तार म्हणजे अर्ध्या मापाची वाट. अशा दोन तारा मिळून पूर्ण एक. या मोकळेपणाला वाहकता म्हणतात. पुढे लॉर्ड केल्विन झालेले विल्यम थॉमसन यांनी १८८३ मध्ये लंडनच्या व्याख्यानात तिच्यासाठी नाव सुचवलं. इंग्रजीतला ‘ओहम’ शेवटाकडून वाचा, झालं ‘म्हो’! खूणही तशीच. ओहमसाठी ओमेगा हे ग्रीक अक्षर, म्होसाठी तेच अक्षर डोक्यावर उभं केलेलं.

गंमत अशी, की इंग्रज माणूस या शब्दातला ‘ह’ गिळून नुसतं ‘मो’ म्हणतो. आपल्याला मात्र म्हैस, म्हातारा, म्हण यांची सवय. हा शब्द जणू मराठी जिभेसाठीच घडला होता.

१९७१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं वाहकतेच्या एककाला ‘सीमेन्स’ हे नाव दिलं. जर्मन संशोधक आणि उद्योजक वेर्नर फॉन सीमेन्स यांचं ते नाव. नियतीचा विनोद पाहा. याच सीमेन्सनी १८६० मध्ये एक मीटर लांबीच्या पाऱ्याच्या स्तंभावरून एकक सुचवलं होतं, तेही रोधाचं! ते ओहमपुढे टिकलं नाही. अडथळ्याच्या मापात हरलेलं नाव शंभरेक वर्षांनी वाटेच्या मापाला मिळालं.

एका कर्तबगार माणसाचा मान झाला, याबद्दल तक्रार नाही. पण अडथळा आणि वाट या एकाच तारेच्या दोन बाजू आहेत, हे ‘म्हो’ शब्द न शिकवता सांगत होता. ओहम आणि सीमेन्स ही नावं शेजारी ठेवली, तर त्यांचं नातं कुणाच्या ध्यानात येईल?

आणि हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. क्षारपड जमिनीतले क्षार वाहकतेवरूनच मोजतात. माती परीक्षणाच्या जुन्या कागदांवर ‘मिलिम्हो प्रति सेंटिमीटर’ असतं, नव्यांवर ‘डेसिसीमेन्स प्रति मीटर’. वाचणाऱ्यानं गोंधळू नये. आकडा दोन्हींत तोच. मातीच्या संपृक्त अर्कात चारच्या वर गेला, की जमीन खारवलेली मानतात. नाव बदललं तरी क्षार कमी होत नाहीत. त्यासाठी पाण्याचा निचरा व्हावा लागतो. म्हणजे पुन्हा वाटच मोकळी करावी लागते.